एका मताचा तपास

एका मताने हरली. शंभराने नाही, दहाने नाही, एकाने. दोनशे चौदा विरुद्ध दोनशे तेरा. कागद तीनदा मोजले, जिंकलेल्या साहेबांच्या माणसांनी मोजले, आपल्या माणसांनी मोजले, तरी तो एक काही जागचा हलला नाही.

हरली ती मिस्त्रीची धाकटी बहीण. गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांचा दवाखाना आहे, तिथे ती बावीस वर्षं नर्स. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, बाकीचे पाच दिवस दवाखाना म्हणजे ती आणि साफसफाईपासून बाळंतपणापर्यंत सगळ्याला हात लावणाऱ्या मावशी. खोल्या पालिकेच्या. आणि निवडणुकीला उभे राहिलेले साहेब, म्हणजे बस डेपोचे निवृत्त मॅनेजर, उघड सांगत होते की आपण निवडून आलो तर या खोल्यांत वॉर्डाचं ऑफिस होईल. दवाखाना कशाला हवा, बसने अर्ध्या तासावर मोठं हॉस्पिटल आहे की. माणूस वाईट नव्हता. बसच्या वेळापत्रकावर त्याचा फार विश्वास होता, एवढंच. बस वेळेवर येते असं मानणारा वॉर्डात तो एकटाच असेल.

म्हणून बहीण उभी राहिली. नाहीतर चार माणसांसमोर भाषण करायचं म्हटलं की ती काहीतरी काम काढून आत पळायची.

आता मिस्त्रीबद्दल सांगायला हवं. लाकूडकामात चाळीस वर्षं गेलेली, हात सोन्याचा, आणि डोक्यात एक किडा. प्रत्येक गोष्टीचं मूळ त्याला हवं असायचं. खुर्ची करकरते म्हणून दुरुस्तीला आली, तर दुसरा माणूस खिळा ठोकून मोकळा होईल. मिस्त्री ती पूर्ण खोलणार, कोणता सांधा करकरतो ते कान लावून ऐकणार, वर खुर्चीच्या मालकाला विचारणार, तुमच्या घरात रेलून कोण बसतं? लोकांना त्याचा राग यायचा नाही, कारण खुर्ची पुन्हा करकरायची नाही.

मात्र एक होतं. दुसऱ्याच्या गोष्टीत हजार प्रश्न विचारणारा हा गृहस्थ, जे आपल्याला येतं असं त्याला वाटे त्याबद्दल चकार शब्द विचारायचा नाही. सांगायला गेलं तरी ऐकायचा नाही.

तर निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री बायकोला म्हणाला, "हे एक मत गेलं कुठे, ते शोधायला हवं."

"शोधून काय करणार? परत आणून पेटीत टाकणार?"

"माणसाला कळायला नको?"

"तुम्हाला कळायला हवं," बायको म्हणाली. "बाकी माणसांचं काही अडलेलं नाही."

पण मिस्त्री निघालाच. आधी शिंप्याकडे. शिंपी बहिणीच्या प्रचारात पुढे होता, कापडी फलक त्यानेच शिवले होते. "मत दिलंस ना रे?" मिस्त्रीने सहज विचारल्यासारखं विचारलं. शिंप्याने मशीनवरून मान वर केली नाही. "म्हणजे काय," एवढंच म्हणाला आणि जोरजोरात पायडल मारायला लागला. मिस्त्रीला ते खटकलं. दूधवाल्याकडे गेला, तर नवरा म्हणाला, "आमची दोन्ही तुमच्याच बहिणीला," आणि आतून बायकोने भांडं आपटलं. निवृत्त पोस्टमनने तर चहासुद्धा विचारला नाही. मिस्त्री चक्रावला. ज्याच्याकडे जावं तो नजर चुकवतोय. अख्खी गल्ली फितूर झाली की काय?

मग तो मावशींशी बोलला. दवाखान्याच्या पायरीवर बसून त्या पट्ट्यांच्या घड्या घालत होत्या.

"मावशी, तुम्ही मत कधी दिलंत?"

"सकाळी," मावशी म्हणाल्या. "सकाळीच देऊन आले."

आता दूधवाला मतदान सुरू झाल्यापासून बारापर्यंत शाळेच्या फाटकात उभा होता, आपल्या लोकांना रांग दाखवायला. त्याने मिस्त्रीला कोण कोण आलं ते जवळजवळ पाठ म्हणून दाखवलं होतं. त्यात मावशी नव्हत्या. मिस्त्रीने परत जाऊन खात्री केली. नव्हत्याच.

झालं. मिस्त्रीच्या डोक्यात सांध्याला सांधा बसत गेला. मावशी खोटं बोलल्या. आपल्या बाजूने मत दिलं असतं तर खोटं कशाला बोलतील? आणि मावशींचा जावई कुठे कामाला? डेपोत. डेपोत अजूनही कोणाचा शब्द चालतो? साहेबांचा. घ्या!

हे त्याने बहिणीला सांगितलं. सांगायला नको होतं, पण सांगितलं. शिवाय शिंप्याला, दूधवाल्याला आणि पोस्टमनलाही सांगितलं, कारण शोध लागल्यावर तो पोटात ठेवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्या तिघांचे चेहरे एकदम उजळले. शिंप्याने तर त्याला बसवून चहा पाजला.

बहिणीला आधी पटेना. बावीस वर्षांची सोबत होती. पण ती हरलेली होती, आठ दिवसांत धड झोपली नव्हती, आणि महिन्याभरात दवाखान्याला टाळं लागणार होतं. तिने मावशींना समोर बोलावलं आणि विचारलं, "मावशी, तुम्ही खरंच सकाळी मत दिलंत?"

मावशी जमिनीकडे बघत राहिल्या. हो म्हणेनात, नाही म्हणेनात.

"औषधांच्या कपाटाची किल्ली ठेवा मग," बहीण म्हणाली. "आणि उद्यापासून येऊ नका."

मावशींनी पदराची गाठ सोडली, किल्ली टेबलावर ठेवली, आणि गेल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. गुन्हा कबूल असल्याशिवाय माणूस इतका गप्प राहत नाही, असं मिस्त्री त्या दिवशी तीन वेळा म्हणाला. तिसऱ्यांदा बायको म्हणाली, "पुरे."

चार दिवसांनी मास्तरीणबाई वर्कशॉपमध्ये आल्या. शाळेतलं एक बाक लंगडं झालं होतं, त्याचा पाय बदलायचा होता. मतदान त्यांच्याच शाळेत झालं, आणि मतदानाच्या खोलीत कागद वाटायला त्याच बसल्या होत्या. मिस्त्रीने माप घेतलं, एक फळी काढली, पेन्सिलीने आडवी रेघ मारली आणि रेघेच्या एका बाजूला मोठी फुली केली.

"म्हणजे हा फुलीचा तुकडा आमच्या बाकाला," मास्तरीणबाई म्हणाल्या.

मिस्त्री मनापासून हसला. "बाई, आमच्यात फुली म्हणजे टाकाऊ. जे कापून फेकायचं, त्यावर फुली. जे ठेवायचं, त्याला हात लावायचा नाही. चांगल्या लाकडावर कोणी रेघोट्या मारतं का?" आणि शिकवायला शिष्य मिळाल्यावर माणूस थांबत नाही, तसं पुढे म्हणाला, "मत देताना बघा ना, तिथेही हीच पद्धत. जन्मात पहिल्यांदा मत दिलं मी, पण कोणाला विचारावं लागलं नाही. कागदावर दोन नावं. साहेबांच्या नावासमोर हीऽ फुली मारली, ठसठशीत. बहिणीचं नाव स्वच्छ ठेवलं."

मास्तरीणबाईंनी पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"का हो बाई?"

"मिस्त्री," त्या हळूच म्हणाल्या, "भिंतीवर सूचना लावली होती. एवढ्या मोठ्या अक्षरांत."

"सूचना वाचायला मी काय नवशिका आहे? खुणा करण्यात चाळीस वर्षं गेली माझी."

"जो उमेदवार हवा, त्याच्यासमोर फुली मारायची होती."

मिस्त्रीला ते कळायला थोडा वेळ लागला. आधी त्याला वाटलं बाई चेष्टा करताहेत. मग त्याने फळीकडे पाहिलं. मग बाईंकडे. मग तो त्या लंगड्या बाकावरच बसला, आणि बाक कलंडला तरी त्याला पत्ता नाही.

"मी कोणाला सांगणार नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मत गुप्त असतं. तुम्हीही सांगू नका." आणि बाक तिथेच सोडून त्या घाईघाईने निघून गेल्या.

हिशोब करायला मिस्त्रीला कागद लागला नाही. त्याचं मत बहिणीला मिळालं नाही, म्हणजे तिचं एक कमी. ते साहेबांना गेलं, म्हणजे त्यांचं एक जास्त. काढा एक तिकडून, टाका इकडे. दोनशे चौदा बहीण, दोनशे तेरा साहेब. आणि तो नुसता घरी लोळत पडला असता, तरी बरोबरी झाली असती. आयुष्यभर तो म्हणत आला होता, माझ्या एका मताने काय आभाळ कोसळणार आहे. बहिणीने हात जोडले म्हणून पहिल्यांदा गेला, आणि हे असं कोसळलं. पंधरा दिवस ज्याला हुडकत तो दारोदार हिंडला, तो सकाळी त्याच्याच आरशात दाढी करत होता.

दुपारी जेवताना त्याने बायकोला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. एरवी तिने टोमणा मारायची अशी संधी सोडली नसती. आज तिने भाताचं भांडं खाली ठेवलं आणि विचारलं, "मग मावशींचं काय?"

"बाई म्हणतात मत गुप्त असतं."

"मत गुप्त असतं. मावशींना घरी बसवलंत ते कुठे गुप्त आहे?"

मिस्त्रीने हातातला घास ताटात ठेवला. तो तसाच उठला.

बहीण दवाखान्यात एकटीच होती. मावशी नसल्यामुळे फरशी पुसायची राहिली होती आणि पट्ट्यांचा ढीग तसाच पडला होता. मिस्त्रीने सगळं सांगितलं, फळीपासून फुलीपर्यंत, मधलं काही न गाळता. लाज वाटत होती, पण थांबला असता तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

ती खुर्चीत बसली.

"दादा, मी तुला सांगायला आले होते," ती म्हणाली. "आदल्या दिवशी. फुली कुठे मारायची ते. तू म्हणालास, मला खुणा शिकवतेस?"

"हो."

"आणि मी गेले. वाटलं, याला कशाला सांगायचं." तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले, आणि मग ती खरंच रडली. निकालाच्या दिवशी रडली नव्हती ती. मिस्त्री उभाच राहिला. तिने ओरडावं असं त्याला फार वाटत होतं.

शेवटी तिने तोंड धुतलं. "मावशींना मी काय तोंड दाखवू आता?"

"आधी मी जातो," मिस्त्री म्हणाला. "तुझ्याआधी मी बोंब मारली सगळीकडे. त्याच दारांत जाऊन सांगतो. मग दोघं जाऊ मावशींकडे."

आणि त्याच संध्याकाळी तो निघाला. सोपं नव्हतं हो ते. ज्या दारात छाती पुढे काढून उलटतपासणी घेतली, त्याच दारात जाऊन सांगायचं, की तो गाढव मीच. शिंप्याच्या दुकानात त्याने चप्पलसुद्धा काढली नाही, उंबऱ्यातूनच सांगितलं. आता हा हसणार, उद्या सगळी गल्ली हसणार, आणि 'फुलीवाला मिस्त्री' हे नाव मेल्यावरही आपल्याला सोडणार नाही, याची तयारी ठेवूनच तो आला होता.

शिंपी हसला नाही. त्याने मशीन थांबवलं.

"मिस्त्री, मी मतच दिलं नाही," तो म्हणाला. "गिऱ्हाईक बसून होतं. म्हटलं, एवढी पँट उरकतो आणि जातो. पाच वाजून चार मिनिटांनी पोचलो. फाटक बंद. पंधरा दिवस झाले, मला वाटतंय ते मत माझंच."

मिस्त्री तसाच पुढच्या दारी गेला.

दूधवाल्याकडे नवऱ्याने तोंड उघडण्याआधी बायकोच बाहेर आली. "माझं ऐका," ती म्हणाली. "त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं होतं. हे म्हणाले, नर्सबाईंनाच द्यायचं. मी म्हटलं, मला सांगणारे तुम्ही कोण? आणि मुद्दाम साहेबांना दिलं. माझं बाळंतपण केलंय हो तुमच्या बहिणीने." नवरा थक्क होऊन तिच्याकडे बघत होता. त्यालाही हे आत्ताच कळत होतं.

पोस्टमनचं नाव अजून जुन्या घराच्या वॉर्डात होतं. आयुष्यभर दुसऱ्यांचे पत्ते बदलून दिले, स्वतःचा बदलायचा राहिला. कुंभाराने कंटाळा केला होता. चष्मेवाल्याला वाटलं होतं की नर्सबाई तर येणारच, आपण कशाला रांगेत उभं राहायचं. प्रत्येकाने आधी आजूबाजूला पाहिलं, मग आवाज खाली आणला, मग सांगितलं. आणि प्रत्येकाने शेवटी तेच म्हटलं, की मिस्त्री, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय, ते मत माझं होतं.

मिस्त्रीने बोटांवर मोजलं. नऊ जण. नऊ जणांच्या पोटात एकच मत. तो गल्लीत मधोमध थांबला. इतके दिवस त्याला वाटत होतं की सांधा एकच सुटलाय, तो सापडला की काम झालं. इथे तर हात लावू तो सांधा सुटलेला. आणि गंमत म्हणजे यातला कोणीही खोटं बोलत नव्हता. यातल्या कुठल्याही एकाने वेळेवर नीट वागायचं ठरवलं असतं, तरी बहीण हरली नसती. ज्याला उत्तर सापडलं की आनंद व्हायचा, त्या मिस्त्रीला नऊ उत्तरं सापडली होती, आणि आनंद कुठेच नव्हता.

बहिणीला घेऊन तो मावशींच्या घरी गेला. एक खोली, स्वच्छ, दाराशी तुळशीच्या कुंडीएवढ्याच कुंडीत थोडी कोथिंबीर. मावशींनी दोघांना सतरंजीवर बसवलं आणि पाणी दिलं. बहिणीने किल्ली त्यांच्या हातात ठेवली. मिस्त्रीने मान खाली घालून आपली फुली सांगितली, हात जोडले आणि म्हणाला, "मावशी, मी तुमच्यावर खोटा आळ घेतला."

"खोटा कुठे?" मावशी म्हणाल्या. "मी मत दिलंच नव्हतं."

दोघांनी एकदम वर पाहिलं.

"तुम्हाला प्रश्न पडला असेल ना, मी गप्प का राहिले म्हणून? काय बोलणार होते? मला वाटलं, माझ्याच मताने हरली माझी पोर." मावशी किल्ली मुठीत धरून बसल्या होत्या. "तीन वाजता निघाले होते शाळेकडे. कोपऱ्यावर एक जोडपं भेटलं, तिला कळा सुरू झालेल्या. नवरा पार गांगरलेला. त्यांना घेऊन मागे फिरले. सिस्टर शाळेत, डॉक्टरांचा वार नाही. करणार काय? पाच वाजायला दहा मिनिटं असताना बाळ झालं. मग तिला सोडून कशी जाऊ?"

"मला का नाही सांगितलंत?" बहीण म्हणाली. "मी त्या दिवशी आले तेव्हा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, सकाळीच दिलं."

"निकाल लागायचा होता. म्हटलं, उगाच तुझ्या जिवाला घोर कशाला. आणि निकाल लागल्यावर कुठल्या तोंडाने सांगू?"

बहिणीने मावशींच्या मांडीवर डोकं ठेवलं. मावशी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. मिस्त्रीला तिथे बसवेना आणि उठवेनाही. चाळीस वर्षांत इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

"म्हणजे एक तुमचं मत," तो कसंबसं म्हणाला, काहीतरी बोलायला हवं म्हणून.

"एक कसलं? तीन," मावशी म्हणाल्या. "माझं, त्या पोरीचं आणि तिच्या नवऱ्याचं. तेही मत द्यायलाच निघाले होते, सिस्टरलाच. तीन मतं गेली त्या खोलीत."

"त्याला कोण काय करणार, मावशी. बाळ तर झालं ना नीट."

"झालं. गुटगुटीत आहे," मावशी म्हणाल्या. "शिंप्याच्या सुनेला आता आठवा लागलाय. परवा दारात भेटली, विचारत होती, मावशी, माझ्या वेळेला तुम्ही असाल ना?" त्यांनी मूठ उघडून किल्लीकडे पाहिलं, मग मिस्त्रीकडे. "दवाखाना महिन्याभरात बंद होणार. तिला काय सांगू, ते तेवढं शोधून द्या मला."

मिस्त्रीने दाराबाहेर पाहिलं. गल्लीत शिंप्याचं दुकान अजून उघडं होतं, आणि मशीनचा आवाज तिथपर्यंत येत होता.